हास्यक्लब, योगवर्ग की व्यायाममंदिर: घरातील प्रत्येक वयासाठी निवड

घरात आजी-आजोबा, नोकरी करणारे आई-वडील आणि शाळकरी मुले असतील, तर वस्तीतला कोणता आरोग्यवर्ग कोणासाठी निवडावा, हा प्रश्न बहुधा अंतर, शुल्क आणि वेळ पाहून सोडवला जातो. त्या वयाच्या शरीराला काय हवे आहे, याचा विचार मागे राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र श्रमाची, तर प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी त्याखेरीज आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारा सराव करावा.

ज्येष्ठांच्या बाबतीत निवड सहसा हास्यक्लब आणि योगवर्ग यांच्यात होते. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतील एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केलेल्या हास्यक्लबाचे खरे बळ सोबतीत आहे. जोडीदार गेल्यानंतर एकट्या पडलेल्या माणसाला सकाळी सहा वाजता घराबाहेर पडण्याचे कारण मिळते, आणि दोन दिवस दिसले नाही तर चौकशी करणारी माणसे मिळतात. हा लाभ मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु टाळ्या, हास्य आणि दीर्घ श्वसन यांनी मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही, आणि उतारवयात न्हाणीघरात पाय घसरला तर सावरायला तीच लागते. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर जोरजोराने हसणेही टाळावे लागते.

योगवर्गात तोलाचा सराव होऊ शकतो, मात्र तो कोण घेते यावर सारे अवलंबून आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात विकसित केलेल्या पद्धतीत खुर्ची, दोर, पट्टे आणि लाकडी ठोकळे यांचा आधार घेतला जातो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीलाही आसन सुरक्षितपणे करता येते. याउलट मैदानावर शंभर जणांना एकाच वेळी एकच आसन सांगणाऱ्या वर्गात हाडे ठिसूळ झालेल्या आजींना पुढे खोल वाकायला लावले जाऊ शकते, आणि काचबिंदू असलेल्या आजोबांना डोके खाली येणारी आसने. दोन्ही वर्ग जवळ असतील, तर आठवड्यातून तीन दिवस आधार घेऊन शिकवणारा योगवर्ग आणि उरलेले दिवस हास्यक्लब, अशी विभागणी मला सर्वांत योग्य वाटते.

मुलांसाठी माझा कौल निःसंदिग्धपणे व्यायाममंदिराला आहे. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर किंवा अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ यांसारख्या संस्थांनी मल्लखांबाची परंपरा टिकवली आहे. पुरलेल्या खांबावर आणि दोरीवर पकड, लवचिकता आणि निर्भयता एकत्र घडतात, आणि थोरली मुले धाकट्यांना शिकवतात. बागेतील खुल्या व्यायामशाळेची उपकरणे मोठ्यांच्या उंचीची असतात. मुलांना तेथे एकटे सोडू नये.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ते तिशी ते साठीमधले. बरेच वर्ग भल्या पहाटे किंवा सायंकाळी पाचला असतात, आणि त्या वेळी ही माणसे डबे भरत असतात किंवा लोकलमध्ये उभी असतात. अशांसाठी शनिवार-रविवारचा वर्ग मिळाला तर उत्तमच. पण त्याआधी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, जाणे मला अधिक निकडीचे वाटते. तेथे ३० वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी, तर स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही, विनामूल्य तपासणी करण्याची तरतूद आहे. काही त्रास जाणवत नसताना वाढलेला रक्तदाब कोणत्याही व्यायामवर्गात आपोआप उघड होत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी एक दिवस नुसते बसून वर्ग पाहावा. नव्याने आलेल्या व्यक्तीला शिक्षक औषधे, जुनी दुखणी आणि शस्त्रक्रिया यांविषयी विचारतात का, आणि दमलेल्या माणसाला मध्येच बसू देतात का, हे तेवढ्या तासाभरात दिसते. ते विचारत नसतील, तर शुल्क कितीही कमी असले तरी घरातील ज्येष्ठांना तेथे पाठवू नये.