वर्गाची फोनची पाळी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९८८ साली बाहेर पडलेली आमची स्थापत्यची बॅच. वर्गात ६२ जण, त्यात मुली पाच. एकमेकांच्या संपर्कात राहायची एक पद्धत आम्ही डिसेंबर २०२४ पासून वापरतो आहोत. दुसऱ्या बॅचमधले ओळखीचे लोक विचारतात, हे खरंच चालतं का, की दोन महिन्यांत सगळे कंटाळतात? आता अकरा महिने झाले आहेत, तेव्हा काय टिकलं आणि काय नाही ते सविस्तर लिहिते.

आमच्याकडे तीन गोष्टी आहेत : व्हॉट्सॲपचा ग्रुप, रविवारची व्हिडिओ बैठक आणि फोनची पाळी, म्हणजे दर महिन्याला वर्गातल्या एका ठरलेल्या जोडीदाराशी फोनवर बोलणं. पहिल्या दोन बहुतेक बॅचेसकडे असतात. मी लिहायला बसले आहे ते तिसरीमुळे.

इथे कुणाचं नाव लिहीत नाही, रोल नंबर लिहिते. आमच्या यादीतही रोल नंबरच आधी येतो, आणि त्याला कारण आहे. २०१३ साली बॅचला पंचवीस वर्षं झाली म्हणून मेळावा ठरला, तेव्हा मुलगे शोधायला फार त्रास झाला नाही. कुणी पाटबंधारे खात्यात, कुणी बांधकाम खात्यात, कुणी पुण्यात बिल्डरकडे. मुली मात्र सापडेनात. पाचही जणींची आडनावं बदललेली, दोघींची तर पहिली नावंही सासरी बदललेली. त्या मेळाव्याला आम्ही दोघीच होतो. बाकीच्या तिघी गेल्या वर्षभरात सापडल्या, त्याही रोल नंबरमुळे. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीकडे टर्मवर्कची जुनी यादी होती. त्यात रोल नंबर, माहेरचं नाव आणि गाव एवढंच लिहिलेलं होतं. रोल नंबर २३ विट्याकडची. त्या भागातली गलाईवाली घरं सोनं-चांदी शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत हे आम्हाला माहीत होतं. गावात विचारत विचारत तिच्या चुलतभावाचा नंबर मिळाला, आणि ती तमिळनाडूत सापडली, तशाच एका घरची सून म्हणून. लग्नानंतर तिने नोकरी केली नव्हती. पहिल्या फोनवर ती म्हणाली, "मी इंजिनिअर आहे हे माझ्या सुनेला गेल्या महिन्यात कळलं." मग बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो.

आधीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगते. सुरुवातीला आंतरदेशीय पत्रं यायची, मग लग्नाच्या पत्रिका, मग तेही थांबलं. एसटीडीच्या काळात रात्री उशिरा दर कमी व्हायचा, तेव्हा कुणीतरी बूथवर थांबून फोन करायचं, तोही कामापुरता. ऑर्कुटवर पंधरा-वीस जण भेटलो, पण २०१४ मध्ये ऑर्कुट बंद झालं. २०१३ चा मेळावा छानच झाला. प्रीतिसंगमावर सगळ्यांनी फोटो काढले, 'आता दर वर्षी भेटायचं' असं ठरलं, आणि पुढची दहा वर्षं कुणी भेटलं नाही.

ग्रुप २०१५ पासून आहे. त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : ग्रुप म्हणजे सूचनाफलक. लग्न, आजारपण, निधन, कुणाला रक्त हवं आहे, एवढ्यासाठी तो उत्तम चालतो. त्याच्याकडून मैत्रीची अपेक्षा ठेवू नये. सकाळची फुलं, सुविचार, औषधी काढे यांच्या ढिगात कुणाच्या तरी बायकोच्या ऑपरेशनची बातमी दोन दिवस आमच्यापैकी कुणीच वाचली नव्हती. त्याची मला आजही खंत आहे. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक आली आणि ग्रुप फुटायच्या बेतात आला. मतदान २० तारखेला होतं. निकालाच्या दिवशी, २३ ला, रात्री साडेअकरापर्यंत तिघे ग्रुप सोडून गेले होते. हॉस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं राहिलेली माणसं एकमेकांना काय काय बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात रोल नंबर ३४ ने, जो आमचा सी. आर. (वर्गप्रतिनिधी) होता, प्रत्येकाला वेगवेगळा फोन केला. त्याचं म्हणणं साधं होतं : आपण सगळे एकाच वेळी सगळ्यांशी बोलतो म्हणून भांडतो, दोघं दोघं बोललो तर भांडणार नाही. त्यातून पाळी निघाली.

पाळी अशी चालते. गूगल शीटवर ४६ जणांची यादी आहे. (६२ पैकी पाच जण आधीच वारले, सात अजून सापडले नाहीत, चौघांनी नको म्हणून सांगितलं.) दर महिन्याच्या एक तारखेला शीटवर २३ जोड्या लागतात. तुमच्या जोडीदाराला त्या महिन्यात एकदा फोन करायचा. व्हिडिओ नाही, मेसेज नाही, साधा फोन. किती वेळ बोलायचं, काय बोलायचं, याला नियम नाही. बोलणं झालं की शीटवर खूण करायची. पुढच्या महिन्यात जोडी बदलते. ४६ जणांत १०३५ जोड्या होतात, म्हणजे प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा बोलायला ४५ महिने, पावणेचार वर्षं लागणार. हा हिशेब पाहून एकाने विचारलं, तोपर्यंत आपण सगळे असू का? तरीही सुरू केलं.

माझे अकरापैकी नऊ फोन झाले. एकदा समोरच्याने उचललाच नाही. जूनमध्ये मी स्वतःच निवृत्तीच्या गडबडीत होते.

या नऊपैकी सहा जणांशी मी कॉलेजच्या चार वर्षांत एक वाक्यही बोलले नव्हते. आता ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, पण १९८४ ते ८८ या काळात आम्ही पाच मुली पहिल्या बाकावर बसायचो आणि मुलांशी बोलणं जर्नल, सबमिशन, फार तर सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला स्टाफ (उंची मोजायची उभी पट्टी) कुणी धरायचा एवढंच. फेब्रुवारीत माझी जोडी रोल नंबर ५२ शी लागली. तो शेवटच्या बाकावरचा. त्याने फोन उचलल्या उचलल्या सांगितलं, "तुझ्या बिल्डिंग ड्रॉइंगच्या शीटवरून मी दोन वर्षं जीटी मारलीय." खाली दिवा ठेवून काचेवर शीट ट्रेस करायची, ती जीटी. माझी शीट मैत्रिणीकडून त्याच्यापर्यंत जायची, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मग म्हणाला, माझ्या अक्षरात एक वळण होतं, ते त्याला लागलं, आणि पुढे तीस वर्षं त्याच्या प्रत्येक नकाशावर त्याच वळणाने 'उत्तर' ही दिशा लिहिलेली असायची. आम्ही पन्नास मिनिटं बोललो. ग्रुपवर दहा वर्षं एकत्र असून त्याने मला हे कधी लिहिलं नसतं.

रविवारच्या बैठकीचा अनुभव संमिश्र आहे. झूमच्या मोफत खात्यावर बैठक चाळीस मिनिटांत संपते. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, पैसे भरून वेळ वाढवू. आता कुणी त्याचं नाव काढत नाही, कारण आमच्या वयाच्या चौदा-पंधरा माणसांनी एकत्र बोलायला चाळीस मिनिटं योग्य आहेत. त्यापुढे दोघंच बोलतात आणि बाकीचे ऐकतात. अडचण वेळेची होती. रात्री साडेआठला शिकागोत सकाळचे नऊ, तोवर ठीक. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली, आणि रोल नंबर १५ नेहमीप्रमाणे त्याच्या नऊला येऊन तासभर एकटाच बसून राहिला. मेलबर्नच्या मैत्रिणीला तर आमच्या साडेआठला मध्यरात्र उलटून गेलेली असते. एप्रिलपासून आम्ही सकाळी नऊची वेळ धरली : दुबईत साडेसात, मेलबर्नला दुपार, शिकागोत शनिवारी रात्रीचे साडेदहा. तुमच्या बॅचमधले लोक परदेशात विखुरलेले असतील तर सरळ सकाळीच ठेवा.

बैठकीत एक नियम केला तो सगळ्यांत उपयोगी पडला : 'सध्या काय करतोस' आणि 'मुलं कुठे आहेत' हे दोन प्रश्न विचारायचे नाहीत. ज्याला सांगायचं असेल तो आपणहून सांगेल. हा नियम आम्ही केला कारण एकाचा बांधकामाचा व्यवसाय बुडाला होता आणि तो या दोन प्रश्नांच्या भीतीने बैठकीला येत नव्हता. हे त्यानेच पाळीच्या फोनवर सांगितलं, रोल नंबर ४० ला. त्याच्या परवानगीने सी. आर.पर्यंत गेलं आणि नियम झाला. तो आता दर रविवारी असतो.

पद्धतीच्या अडचणीही सांगते. रोल नंबर ११ ला ऐकू फार कमी येतं. त्याला फोन म्हणजे शिक्षा आहे, म्हणून त्याच्या जोडीदाराने त्या महिन्यात त्याला पत्र लिहावं किंवा मोठा मेसेज करावा असं ठरवलं. दुसरं म्हणजे, खूण करायची असते म्हणून तीन मिनिटांत फोन उरकणारेही आहेत. मधल्या काळात, पावसाळ्यात, २३ पैकी बारा-तेरा फोनच व्हायचे. सी. आर.ने कुणाला आठवण केली नाही, आणि मला वाटतं ते बरोबर केलं. मागे लागून मैत्री होत नाही. दिवाळीच्या सुमारास आकडा आपोआप वर आला. ग्रुप सोडून गेलेल्या तिघांपैकी दोघे पाळीत आहेत, पण ग्रुपवर परत आले नाहीत. मला त्यात काही बिघडलंय असं वाटत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी ही पद्धत आमच्या वयात सोन्यासारखी ठरली ती. आमच्यातले निम्मे राज्य सरकारी नोकरीत होते, म्हणजे अठ्ठावन्नला निवृत्ती. त्यात आमच्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी लावलेल्या एक जूनच्या जन्मतारखा. ज्याचा जन्म एक तारखेचा तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे आमच्यातले चौघे ३१ मे २०२५ ला एकाच दिवशी घरी बसले. पण त्यांच्या आधी रोल नंबर ९ निवृत्त झाला होता. जानेवारीत माझी पाळी त्याच्याशी होती. त्याने पहिल्यांदा माझी चौकशी केली आणि दुसरंच वाक्य टाकलं, "सेवापुस्तक पहिल्या पानापासून बघितलंस का?" सेवापुस्तक म्हणजे सरकारी नोकरीच्या सगळ्या नोंदींचं पुस्तक. त्याच्या सेवापुस्तकात एका जुन्या वेतननिश्चितीवर सही नव्हती आणि वेतन पडताळणीत ते अडकलं होतं. मी दुसऱ्या दिवशी माझं मागवून घेतलं. १९९४ च्या बदलीच्या वेळची एक नोंद राहिलेली होती. पाच महिने हातात होते म्हणून ती पूर्ण झाली. मे महिन्यात कळलं असतं तर माझं निवृत्तिवेतन कितीतरी दिवस लांबलं असतं.

निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकायचा (म्हणजे एकरकमी घ्यायचा) का, पंधरा वर्षांनी तो पूर्ववत होतो तोपर्यंत काय, नोव्हेंबरात हयातीचा दाखला घरून मोबाइलवर चेहरा दाखवून कसा द्यायचा, हे सगळं मला वर्गमित्रांनी फोनवर समजावलं. माहिती कुठेही मिळते. पण 'तुझ्या घरात कोण कमावतं, कर्ज किती उरलंय, आईला औषधाला किती लागतात' हे विचारून मग सांगणारा माणूस लागतो, आणि तो परका असून चालत नाही. शिकागोच्या मित्राला सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिकडचं सरकारी निवृत्तिवेतन, पूर्ण मिळायला सदुसष्ट व्हावं लागेल. तो आमच्या निरोपसमारंभांचे फोटो बघायचा आणि फोनवर म्हणायचा, तुम्ही सगळे मोकळे झालात, मी अजून नऊ वर्षं. त्या महिन्यात त्याचा जोडीदार एक ठेकेदार होता, ज्याला निवृत्तीच नाही. दोघं खूप वेळ बोलले असं कळलं.

जुलैमध्ये रोल नंबर २८ गेला. झोपेतच. त्या महिन्यात त्याची जोडी रोल नंबर ६ शी होती आणि त्यांचा फोन नऊ दिवस आधी झाला होता. रोल नंबर ६ ने आम्हाला सांगितलं की २८ अर्धा वेळ पन्हाळ्याच्या एका सहलीबद्दल बोलत होता आणि डाळिंबाच्या बागेत ठिबक बदलायचं म्हणत होता. एरवी आम्हाला त्याचं शेवटचं बोलणं म्हणून ग्रुपवरचा एक अंगठा सापडला असता.

शीटवरून त्याचं नाव काढायचं की ठेवायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. ऑगस्टमध्ये ती ओळ तशीच राहिली, जोडीशिवाय. मग सप्टेंबरच्या सुरुवातीला वहिनींनी सी. आर.ला फोन केला. ते दर महिन्याला दार लावून कुणाशी तरी बोलत बसायचे, म्हणाल्या, आणि नंतर जेवताना मला सगळं सांगायचे, तुमच्यातले बरेच जण मला त्यामुळे माहीत आहेत. त्यांच्या पाळीचे फोन मी केले तर चालेल का?

नोव्हेंबरच्या जोड्या काल लागल्या. माझ्यासमोर रोल नंबर २८ आहे. वहिनींना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांनी शीटवर त्या ओळीपुढे लिहून ठेवलंय, 'दुपारी तीननंतर करावा, तोवर मी बागेत असते.'