दवाखाना गावात की बायपासला?

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी आणि कडेगाव भागातल्या दोन मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला. बायपासची सहा एकर जमीन फुकट मिळत असताना तुम्ही पन्नास खाटांचा दवाखाना स्टँडमागच्या ३८ गुंठ्यांत का कोंबलात? त्यांच्याकडेही ट्रस्ट आहे, देणगीदार आहेत आणि दोन जागांचे सातबारे टेबलावर पडलेत. फोनवर दर वेळी तेच दळण दळण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. ऑपरेशन थिएटर केवढं, जमीन एनए म्हणजे बिगरशेती कशी करायची, एफएसआय म्हणजे बांधकामाचं क्षेत्र किती मिळतं, हे तुमचा आर्किटेक्ट सांगेल. त्यात मी पडत नाही.

आधी बायपासची बाजू मांडतो, कारण कागदावर तीच जिंकते. बांधकाम समितीच्या पहिल्या तीन बैठकांत मी स्वतः तिकडूनच बोलत होतो. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात २८ वर्षं काढलेल्या माणसाला मोकळं रान दिसलं की हात शिवशिवतात. सगळं तळमजल्यावर पसरता येतं, लिफ्टवर जीव टांगणीला लागत नाही. द्रव ऑक्सिजनची टाकी इमारतीपासून अंतर राखूनच बसवावी लागते आणि तिचा टँकर वळवायला अर्धं मैदान लागतं. गावातल्या जागेत या एका टाकीपायी आम्ही नकाशा चार वेळा बदलला. अग्निशमनाच्या गाडीला इमारतीभोवती वाट हवी. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याला नवजात बाळांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली, तेव्हापासून या बाबतीत ‘बघू नंतर’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. गुहागर-विजापूर रस्त्यावरचा अपघाताचा पेशंट बायपासला थेट दारात येतो, गावातल्या गर्दीतून काढावा लागत नाही, हाही मुद्दा खराच.

त्यात जमीन फुकट. आमच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली, पण गावच्या कामाला त्यांचा हात सैल असतो. अशाच चेन्नईत स्थिरावलेल्या एका गलाईवाल्या कुटुंबाने सहा एकर देऊ केली होती. देणाऱ्याला नाही म्हणणं ही किती अवघड गोष्ट आहे, ते ट्रस्टवर बसल्याशिवाय कळत नाही.

पहिली शंका पाण्यावरून आली. १०० खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला खाटेमागे दिवसाला ३४० लिटर पाणी धरतात. ५० खाटांना १७,००० लिटर झालं, म्हणजे रोजचे दीड-दोन टँकर. बायपासच्या बोअरला जानेवारीपर्यंत पाणी दम धरायचं, पुढे घरघर. टेंभू उपसा सिंचन योजनेमुळे शिवार हिरवं झालं हे खरं, पण ते पाणी आवर्तनाने, म्हणजे पाळीपाळीने येतं. बाळंतपण आवर्तन बघून होत नाही. तरीही हा प्रश्न पैशाने सुटला असता. पाइपलाइन ओढली असती, मोठी टाकी बांधली असती. एवढ्यावरून मी बाजू बदलली नसती.

बदलली ती एका झेरॉक्सपायी.

त्याच सुमारास माझे सासरे मोरीत घसरून पडले आणि खुबा मोडला. एका चौपदरी रस्त्यालगतच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना दाखल केलं. नाव सांगत नाही, कारण डॉक्टर उत्तम होते, ऑपरेशनही उत्तम झालं. सरकारी योजनेत बसवायचं म्हणून काउंटरवर रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स मागितल्या. आतलं मशीन बंद. झेरॉक्सचं दुकान अगदी समोर, पाटी वाचता येईल इतकं समोर. पण मध्ये चार लेन, मधोमध कमरेएवढा डिव्हायडर आणि तो फुटतो कुठे तर अर्ध्या किलोमीटरवर. मी नियमाने चालत गेलो आणि आलो. आल्यावर कळलं की रेशनकार्डाची मागची बाजूही लागते. परत गेलो. तिसऱ्यांदा डिस्चार्जच्या कागदासाठी. तोवर मीही डिव्हायडर ओलांडायला शिकलो होतो.

त्या नऊ रात्रींत समोरच्या टपरीकडे बघत बसण्याखेरीज मला फारसं काम नव्हतं. संध्याकाळी सात ते आठ त्या डिव्हायडरवर अक्षरशः रहदारी असायची. कुणी चहाची किटली घेऊन, कुणी तान्ह्या बाळासाठी गरम पाण्याचा थर्मास घेऊन. एक म्हातारी आठवते. नऊवारीचा ओचा खोचलेला, हातात डबा. तिने डबा आधी डिव्हायडरवर ठेवला, मग एक पाय, मग दुसरा, आणि पलीकडे उतरताना एक चप्पल अलीकडेच पडली. ती तशीच एका चपलेने दवाखान्यात आली. साडेआठला टपरी बंद, झेरॉक्स बंद, शेवटची एसटी कधीच गेलेली, वडापची जीपही नाही. नातेवाईक जिन्याखाली पेपर टाकून झोपायचे आणि वॉचमन त्यांना पहाटे उठवायचा. दवाखान्यात काहीच वाईट नव्हतं. दवाखान्याबाहेर मात्र काहीच नव्हतं.

चौथ्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं तेव्हा एका सदस्याने रास्त प्रश्न केला. मग आपणच बांधू की! निवारा, मेस, मेडिकल, स्टाफ क्वार्टर्स, सहा एकरांत काय बसत नाही? बसतं सगळं. नकाशात तर बागही बसत होती. पण माझा अनुभव असा की ट्रस्ट इमारत बांधू शकतो, पहाटे पाचला स्टोव्ह पेटवणारा टपरीवाला बांधू शकत नाही. मेसचा ठेकेदार शंभर ताटांच्या हिशेबाने येतो, वीस ताटं लागली की तिसऱ्या महिन्यात भांडी उचलून जातो. क्वार्टर्सचं तर मी नोकरीत डोळ्यांनी पाहिलंय. गावाबाहेर बांधलेल्या खोल्यांना कुलपं, कारण सिस्टरच्या मुलांची शाळा गावात, नवऱ्याची नोकरी गावात. रात्रपाळीला ती स्कूटीवर एकटी ये-जा करणार. अशा ठिकाणी सिस्टर टिकत नाहीत, आणि सिस्टर टिकल्या नाहीत की नुसत्या खाटा उरतात.

यावर मिरजेचं उदाहरण हमखास निघतं. आपल्याकडे ‘मिरजेला हलवलं’ म्हटलं की पेशंटची अवस्था वेगळी सांगावी लागत नाही. १८९४ साली वॉनलेस डॉक्टरांनी मिशनचा दवाखाना उभा केला आणि पुढे डॉक्टर, लॅब, लॉज, खानावळी, मेडिकलची दुकानं असं दवाखान्यांचंच एक गाव तिथे जमत गेलं. म्हणजे दवाखान्यामागे गाव येतं, असं बायपासवाल्यांचं म्हणणं. येतं, नाकारत नाही. पण तिथे रेल्वेचं जंक्शन होतं आणि हाताशी सव्वाशेहून जास्त वर्षं होती. आमच्या पेशंटच्या नातेवाइकाला भाकरी आज रात्री हवी होती.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. कृष्णाकाठच्या मंडळींनी माझं ऐकू नये. सांगलीत इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे आधी पूररेषा बघायची, एसटी स्टँड नंतर. गावठाण पुरात जात असेल तर उंचावरची बाहेरची जागा घ्या आणि डिव्हायडर फोडून मागा. आमचा भाग दुष्काळी, पुराची भीती नाही, म्हणून हा निवड करण्याचा चैनीचा प्रश्न आम्हाला पडला.

आता गावातल्या जागेचे भोग. बांधताना शेजारच्या जुन्या मातीच्या भिंतीला टेकू देण्यातच दोन महिने गेले. खडीचे ट्रक रात्री आणावे लागले आणि त्यावरून शेजाऱ्यांशी भांडणं झाली, त्यातली एक-दोन अजून मिटलेली नाहीत. चार मजले झाले, रॅम्पने केवढी जागा खाल्ली ते बघून अजून हळहळतो. गणपतीत डॉल्बी दारावरून जाऊ नये म्हणून दर वर्षी मंडळांच्या पाया पडावं लागतं. यातलं सगळ्यात गंभीर म्हणजे वाढायला जागा नाही. उद्या डायलिसिसची आणखी पाच मशीन बसवायची म्हटली तर कुठे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या डोक्यात शंभर-दीडशे खाटा आणि नर्सिंग कॉलेज असेल तर गावातली जागा पुरणार नाही, तिथे बायपासच बरा. आमच्यासारखं पन्नासच्या आत राहायचं असेल तर माझं झुकतं माप कुठे पडतं हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेलच.

आमच्याकडे निवाऱ्याला आम्ही एक हॉल ठेवला, चोवीस गाद्यांचा, बाजूला गरम पाण्याचा नळ. मेस काढलीच नाही. फाटकाबाहेर डाव्या हाताला खानावळ, उजव्या हाताला झेरॉक्स आणि मेडिकल, स्टँडवरचा चहा रात्री बारापर्यंत. यातलं एकही आम्ही बांधलेलं नाही, ते आधीपासूनच होतं. सिस्टर चालत येतात. उद्घाटनाला दोन वर्षं झाली, एकीनेही लांब पडतं म्हणून नोकरी सोडलेली नाही. बाकी कारणांनी सोडल्या, ते सगळीकडे चालतंच.

चेन्नईचे ते गृहस्थ वर्षभर आमच्याशी बोलत नव्हते. मग त्यांच्या आईला आमच्याकडेच दाखल करावं लागलं. रात्री अकराला ते ट्रॅव्हल्समधून स्टँडवर उतरले, बॅग ओढत चालतच आले, आणि हॉलमध्ये झोपायच्या आधी बाहेर जाऊन भाकरी-आमटी खाऊन आले. आता बोलतात. सहा एकर का नको होती हे मात्र अजूनही भेटले की सुनावतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही.

जागा बघायला यायचं असेल तर जरूर या, उतारे आणि नकाशे दाखवतो. फक्त चारचाकी आणू नका. लावायला जागा नाही.