कुत्र्याची खाज: घरचं पथ्य की तयार खाणं?
निपाणीच्या मावसभावाचा लॅब्रेडोर बारमाही पंजे चाटतो, कान खाजवतो. पिसवा-गोचिडांचं औषध झालं. डॉक्टरांना आता अन्नाच्या ॲलर्जीचा संशय आहे. चाचणीसाठी घरी शिजवावं की हायड्रोलाइज्ड फूड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं, त्यामुळे ॲलर्जीची शक्यता कमी असलेलं तयार खाणं) आणावं?

दोन्हीत किमान आठ आठवडे तेवढंच खाणं. चहाबरोबरचं बिस्किट, दूध-भाकरी बंद (आजीला आधी सांगा).

घरचं स्वस्त: बेळगावची रताळी आणि त्यानं कधीच न खाल्लेलं मांस. चिकन बहुतेकांनी खाल्लेलं असतं, म्हणून मटण किंवा मासे, कांदा-लसूण नकोच. शिजवायचा कंटाळा मात्र खरा. तयार खाणं महाग, पण पोषण पूर्ण.

प्रौढ कुत्रा, आधीचं खाणं माहीत असलेला: घरचं. पिल्लू किंवा रस्त्यावरून आणलेला: तयार. खाज थांबली तर जुनं खाणं पुन्हा देऊन बघायचं. ती परतली तरच निदान पक्कं.