सीमलेसचे पैसे, ईआरडब्ल्यूचा पाइप

घरी गाडी बांधणाऱ्यांनो, विंगचे (हवेच्या जोराने गाडी खाली दाबणाऱ्या मागच्या पंखाचे) सपोर्ट बाहेरून करून घेणार असाल तर रंग मारलेला जॉब ताब्यात घेऊ नका. भोसरीतल्या एका वेल्डिंगच्या शेडवाल्याने प्रायमरखाली दडवून मला काय विकलं, ते ऐका.

गाडी दोन सीटची, पाइपच्या चासीची, फक्त ट्रॅकवर पळवायची. चासी मीच जोडली. मागच्या विंगचे दोन उभे खांब आणि तिरके आधार मात्र आर्गनवर, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात वेल्ड करून हवे होते. ड्रॉइंगवर स्पष्ट लिहून दिलं: बाहेरचा व्यास 25 मिमी, 16 गेज म्हणजे 1.6 मिमी जाडी, सीमलेस म्हणजे बिनजोडाचा. मालकाने मोबाइलवर आधीच्या कामांचे फोटो दाखवले, माशाच्या खवल्यांसारखे बीड, म्हणजे वेल्डिंगच्या रेघा. भावही तसाच तगडा लावला.

जॉब आला तो राखाडी प्रायमर मारूनच. "गंज नको धरायला, साहेब. त्याचे वेगळे पैसे नाही घेतले." बाकी रक्कम चुकती करून घरी आणला आणि काट्यावर ठेवला. 25 मिमीचा 16 गेज पाइप मीटरला साधारण 920 ग्रॅम भरतो. चार मीटर पाइप आणि तळाच्या 5 मिमीच्या दोन प्लेटा धरून सव्वाचार किलो व्हायला हवे होते. भरले साडेतीन.

एका खांबाचं वरचं बूच कापून व्हर्नियर लावला. 1.2. म्हणजे 18 गेज. आत टॉर्च मारला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडाची उंचवटलेली रेघ. सीमलेसला ती नसतेच. ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून कडा विजेने जोडलेला पाइप वाईट असतो असं नाही, माझी चासी त्याच चौकोनी पाइपची आहे. पण सीमलेसचा भाव लावून तो गळ्यात मारणं ही चोरीच.

मग जोडांवर वायरब्रश फिरवला. प्रायमरखाली लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी निघाली. वेल्डिंगवर लांबी! ती खरवडली तेव्हा कळलं, आर्गन वगैरे काही नव्हतं, साधी आर्क, म्हणजे रॉडची वेल्डिंग मारली होती. पातळ पाइप जळून भोकं पडलेली, ती कशीबशी बुजवून वर ग्राइंडर मारलेला, कडेला नखात अडकेल अशी खाच, म्हणजे अंडरकट.

जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "साहेब, माणूस लटकवा यावर, हलणार नाही." लटकलेला माणूस थरथरत नाही. विंगवरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, ताशी 80 ला जेवढा असतो त्याच्या चौपट 160 ला. त्यात इंजिनची आणि ट्रॅकची थरथर सतत चालू. तडा पडतो तो अशा अंडरकटच्या खाचेतूनच.

कच्च्या बिलावर 'पाइप फॅब्रिकेशन, 1 नग' एवढंच. माझं ड्रॉइंग त्याला आता "सापडत नाही". पैशांचं काय, तर "पुढच्या कामात बघून घेऊ".

आता काम दुसरीकडे दिलंय. पाइप मी स्वतः मोजून, तोलून नेऊन दिला, कापलेले तुकडे परत मागितलेत, आणि टॅक, म्हणजे तात्पुरते वेल्डिंगचे ठिपके मारल्यावर बघायला बोलवा असं सांगून ठेवलंय. बिलावर गेज आणि आर्गन दोन्ही लिहून घेतलंय. डाय पेनिट्रंटचे स्प्रे आणून ठेवलेत. जोडावर लाल रंग मारून पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर, तडा असेल तर लाल रेघ उमटते. तोवर प्रायमरचा डबा उघडायचा नाही.