पोस्टफिक्स आणि डवकॉट, दहा महिन्यांनंतर: सगळं चांगलं, पण तो एक शून्य

रत्नागिरीत मासळी प्रक्रिया करून निर्यात करणाऱ्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं सगळं काम मी बघतो. मेलबॉक्स ५८, सर्व्हर एक, आणि तो सांभाळणारा मी एकटा. फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २०१६ या मेल सर्व्हरवरून डेबियन १२ (लिनक्स), पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा), डवकॉट (मेलपेट्या आणि पासवर्ड सांभाळणारा) आणि आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा) या जोडणीवर आलो. ही जोडणी कशी लावायची ते सांगणारं भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून ते परत सांगत नाही. दहा महिने रोज वापरल्यावर जे हाताला लागलं तेवढंच लिहितो.

बदलायचं कारण पैसा. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालेलं होतं. पुढचा रस्ता सबस्क्रिप्शनचा, म्हणजे दरवर्षी खिशात हात. शिवाय एक्स्चेंज २०१९ या आवृत्तीपासून मेलबॉक्स सर्व्हरला १२८ जीबी रॅमची शिफारस आहे. मी कोटेशन मालकांपुढे ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "एवढ्यात माझ्या ब्लास्ट फ्रीझरचा कॉम्प्रेसर नवा होतो." त्यांचं बरोबर होतं. आमचा आताचा सर्व्हर १६ जीबीवर चालतो आणि त्यातली निम्मी रॅम मोकळी असते.

सुरुवातीचे दोन महिने मी खूश होतो. स्पॅम कमी झाला, वेबमेल झटपट उघडायला लागला. एकच गोष्ट लगेच बदलावी लागली. पोस्टफिक्समध्ये मेलच्या आकाराची मूळ मर्यादा साधारण १० एमबी असते, आणि जोडलेली फाइल मेलमधून जाताना एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे साडेसात एमबीच्या पुढचा लॅब रिपोर्ट अडणारच. मर्यादा २५ एमबी केली आणि तो विषय संपला.

रिव्हर्स डीएनएसची नोंद (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी) मात्र सहज मिळाली नाही. ती नसेल तर जीमेल आपला मेल घेत नाही. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला मी सतरा दिवस फोन करत होतो. दर वेळी नवा माणूस, दर वेळी "तुमची तक्रार पुढे पाठवली आहे". शेवटी त्यांच्या स्थानिक ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा वीस मिनिटांत काम झालं. स्वतःचा सर्व्हर लावणाऱ्याने ही नोंद आधी हातात घ्यावी, मगच जुना सर्व्हर बंद करावा.

आता मूळ मुद्दा: रांग, म्हणजे पुढे जायचे राहिलेले मेल सर्व्हर जिथे धरून ठेवतो ती जागा.

मेल सर्व्हरबद्दल बोलताना लोक स्पॅम फिल्टरबद्दल बोलतात, कॅलेंडरबद्दल बोलतात, रांगेबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत कधी वीज नाही, कधी इंटरनेटची लाइन नाही, आणि महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडलं की दोन्ही असून नसल्यासारखं. अशा ठिकाणी मेल जात नसताना सर्व्हर त्याचं काय करतो हाच खरा प्रश्न असतो. एका सर्व्हरने मेल पुढे केला आणि दुसऱ्याने २५० या आकड्याने होकार दिला की तिथून पुढे तो मेल दुसऱ्याची जबाबदारी. पोस्टफिक्स हा होकार द्यायच्या आधी मेल डिस्कवर पक्का लिहून घेतो. जूनच्या एका वादळी रात्री यूपीएसची बॅटरी संपून सर्व्हर धाडकन बंद पडला. सकाळी चालू केला तेव्हा रांगेतले एकतीसच्या एकतीस मेल जागेवर होते. त्या दिवसापासून मी या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायला लागलो. १९९८ मध्ये वीत्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात असताना ते लोकांसाठी खुलं केलं. इतकी वर्षं ते लोकांच्या कामाला का येतंय ते अशा वेळी कळतं.

पण याच रांगेने आम्हाला एप्रिलमध्ये फटका दिला होता.

डिस्पॅचच्या ताईंनी शनिवारी संध्याकाळी सहाला फॉरवर्डरला (माल जहाजावर चढवून देणाऱ्या एजंटला) शिपिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे एसआय, पाठवली. माकुलाचा एक रीफर (थंड कंटेनर) भरून उभा होता, एसआय द्यायची शेवटची वेळ रात्री दहाची. आमची लाइन पावणेसहाला गेली होती, पण प्लँटमधलं अंतर्गत नेटवर्क चालू असल्यामुळे ताईंच्या स्क्रीनवर मेल सेंटमध्ये गेलेला दिसला. त्या निश्चिंतपणे घरी गेल्या. मेल रांगेत बसून राहिला. लाइन पहाटे आली, मेल गेला, जहाज हुकलं. पुढचं जहाज आठवड्याने. तेवढे दिवस रीफर विजेवर ठेवायचा खर्च आमच्या माथी.

मी लॉग काढून बघितला. पोस्टफिक्सने त्या मेलला पुन्हा पुन्हा प्रयत्न दिला होता. अडलेल्या मेलला तो आधी ३०० सेकंदांनी हात घालतो, मग अंतर वाढवत जास्तीत जास्त ४००० सेकंदांपर्यंत नेतो, आणि पाच दिवस हे चालू ठेवतो. पाच दिवसांनंतरच मेल परत करतो. त्याने काम चोख केलं होतं, फक्त ताईंना काहीच सांगितलं नव्हतं. सांगायची सोय आहे, तिचं नाव डिले_वॉर्निंग_टाइम, आणि तिची मूळ किंमत शून्य. शून्य म्हणजे इशारा बंद. म्हणजे पाच दिवस मेल अडून राहिला तरी पाठवणाऱ्याला तोपर्यंत एक अक्षर कळणार नाही.

या शून्याचा मला आजही राग येतो. मोठ्या शहरात, दोन-दोन लाइन असलेल्या ऑफिसात त्याने काही बिघडत नसेल. माझ्याकडे बिघडलं. बाकी सगळ्या गोष्टींना मी दहापैकी नऊ देईन, पण जो कोणी लाइन तुटणाऱ्या गावात हा सर्व्हर लावेल त्याने पहिल्या दिवशी, बाकी काही करायच्या आधी, हा शून्य बदलावा. मी तो एक तास केला.

तेवढ्याने भागलं असं वाटलं होतं. ऑगस्टमध्ये कळलं की नाही भागलं.

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी जोरात लागतात, आणि प्लँटला श्वास घ्यायला वेळ नसतो. नेमकं तेव्हा फायबर तुटलं आणि त्रेपन्न तास लाइन नव्हती. प्लँटच्या आत मेल चालू होते. प्रोडक्शनकडून क्वालिटीला, क्वालिटीकडून डिस्पॅचला सगळं जात होतं, आणि सर्व्हर ऑफिसातच ठेवल्याचं त्या दोन दिवसांत सार्थक झालं. बाहेरचे मेल रांगेत साचत गेले. दर तासाला मी रांग बघत होतो. शेवटच्या ओळीत एकूण संख्या येते: ९०, २१६, ३४०, शेवटी ४१२.

इशारे बरोबर एका तासाने जात होते. पोस्टफिक्सच्या त्या इशाऱ्यात मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा केवळ इशारा आहे, मेल पुन्हा पाठवायची गरज नाही. पण ताईंना दिसलं काय? मेलर-डीमन अशा परक्या नावाने आलेली चिठ्ठी, भोवती खुणांची चौकट, आत कॅपिटल अक्षरं. परत आलेला मेलही असाच दिसतो. त्यांनी मला फोन केला, "अहो दादा, सगळे मेल परत यायला लागलेत, मी पुन्हा पाठवते." मी तेव्हा लाइनवाल्याबरोबर रस्त्यावर खड्ड्यापाशी उभा होतो, पावसात नीट ऐकू आलं नाही, आणि हो म्हणून गेलो. त्यांनी सगळं दोनदा पाठवलं, काही तीनदा. एका पॅकिंग लिस्टमध्ये त्यांना दुसऱ्या वेळी चूक दिसली म्हणून कार्टन १,१०४ चे १,१४० करून पाठवले.

लाइन आल्यावर रांग सुटली. अडलेले मेल ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने पोचतील याची काही हमी नसते. सुधारलेली लिस्ट आधी पोचली, चुकीची नंतर. ग्राहकाने शेवटची आलेली खरी धरली. कागद जुळवायला आमचे चार दिवस गेले.

यात दोष ताईंचा नव्हता. चिठ्ठी त्यांच्या भाषेत नव्हती. पोस्टफिक्समध्ये या सूचनांचा मजकूर बदलता येतो, त्यासाठी बाउन्स टेम्प्लेट नावाची फाइल असते. त्यात इशाऱ्याचा भाग वेगळा आणि परत आलेल्या मेलचा भाग वेगळा. अक्षरसंच यूटीएफ-८ सांगितला की मजकूर मराठीत चालतो. विषयाची ओळ मी इंग्रजीच ठेवली. मजकूर लिहून मी तो ताईंना, अकाउंट्समधल्या काकांना आणि कोल्ड स्टोअरेजच्या सुपरवायझरला वाचायला दिला. काका म्हणाले, "प्रलंबित कशाला, थांबलाय लिहा." तसं केलं.

लाइन जाऊन आली की आता आणखी एक काम करतो. आधी सगळी रांग होल्डवर टाकतो, म्हणजे मी सोडेपर्यंत थांबवून ठेवतो, दोनदा आलेले मेल उघडून बघतो, ताईंना विचारून जादाचे काढतो, आणि मगच रांग सोडतो. पंधरा मिनिटं लागतात. होल्डची ही सोय मला आधी निरुपयोगी वाटायची.

वर रांगेवरच्या विश्वासाबद्दल मी जे लिहिलं ते आपल्या बाजूपुरतंच खरं आहे. येणारे मेल आपल्या नव्हे, समोरच्याच्या रांगेत थांबलेले असतात. पाठवणाऱ्याने साधारण चार-पाच दिवस तरी प्रयत्न करावा असं एसएमटीपीच्या (सर्व्हरनी एकमेकांना मेल द्यायच्या पद्धतीच्या) नियमात लिहिलंय, पण सगळे तो पाळत नाहीत. त्या त्रेपन्न तासांत एका ग्राहकाच्या सर्व्हरने दोन दिवसांतच हात टेकले आणि त्याचे तीन मेल त्याच्याकडेच परत गेले. म्हणून सप्टेंबरपासून मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये एक छोटा भाड्याचा सर्व्हर घेतलाय. आमची लाइन गेली की येणारे मेल तो धरून ठेवतो. त्याचं महिन्याचं भाडं मे महिन्यातल्या एक डझन हापूसएवढं आहे, म्हणून मालकांनी लगेच हो म्हटलं. असा सर्व्हर लावताना आपल्या ५८ पत्त्यांची यादी त्यालाही द्यायला विसरू नका. नाहीतर तो नसलेल्या पत्त्यांचाही स्पॅम घेत बसतो, आणि नंतर ते मेल भलत्याच लोकांकडे परत करत सुटतो.

अपडेटबद्दल. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. मी दिवाळीपर्यंत थांबलो, कारण प्लँट बंद असतो असे दिवस वर्षात मोजकेच. मोठा बदल डवकॉटमध्ये आहे: २.३ जाऊन २.४ येतो, आणि जुनी कॉन्फिगरेशन फाइल त्याला चालत नाही. सुरुवातीलाच कॉन्फिगची आवृत्ती लिहावी लागते, मेल कुठे ठेवायचा ते सांगायची ओळ मोडून दोन सेटिंगं झालीत, प्रमाणपत्राच्या सेटिंगचं नाव बदललंय, आणि टक्का-यू (वापरकर्त्याचं नाव) सारखी छोटी चिन्हं जाऊन महिरपी कंसातली पूर्ण नावं आलीत. मी आधी सर्व्हरची नक्कल करून त्यावर तालीम केली होती. तरी प्रत्यक्षात तीन तास डवकॉट बंद राहिला. पासवर्ड तपासणं त्याच्याकडे असल्यामुळे आतून कोणाला मेल पाठवता येत नव्हता. पण बाहेरून येणारे मेल पोस्टफिक्स घेत राहिला आणि डवकॉट उठेपर्यंत रांगेत ठेवून बसला. तो उठल्यावर रांग हलवली, आणि दोनशेच्या वर मेल काही मिनिटांत ज्याच्या त्याच्या पेटीत गेले. एकही हरवला नाही. तिथे मी त्या शून्याला थोडं माफ केलं.

हार्डवेअरबद्दल एकच. आमचं ऑफिस खाडीच्या वाऱ्यावर आहे. मे महिन्यात कॅबिनेट उघडलं तर नेटवर्क कार्डाच्या सोनेरी दातांवर हिरवट चुरा बसलेला, आणि एका पंख्याचं पातं बोटाने ढकलल्याशिवाय फिरेना. कार्ड आणि रॅम काढून खोडरबराने हलक्या हाताने पुसली, पंखा बदलला. आता दर तीन महिन्यांनी हे करतो. सर्व्हरच्या खोलीला एसी हवा तो गारव्यापेक्षा हवेतला दमटपणा काढायला.

गेल्या पंधरवड्यात लाइन पुन्हा पाच तास गेली. ताईंचा फोन आला. त्यांनी इशारा वाचला होता, फॉरवर्डरला फोनवरून कळवून टाकलं होतं आणि मेल पुन्हा पाठवला नव्हता. लाइन कधी येईल एवढंच त्यांना विचारायचं होतं. आमच्या इशाऱ्याचा मजकूर खाली देतो, कोणाला हवा असेल तर घ्यावा:

"तुमचा मेल आपल्या सर्व्हरवर सुरक्षित आहे, पण बाहेर जायचा थांबलाय. तो पुन्हा पाठवू नका. लाइन आली की आपोआप जाईल. पाच दिवसांत गेला नाही तर वेगळी चिठ्ठी येईल. काम आजचंच असेल तर समोरच्याला फोन करा आणि कॉम्प्युटर विभागाला कळवा."