जावा शिकताना ब्लूजे : काही महिन्यांच्या वापरानंतर

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या कुठल्याही शिकवणीला जा, पहिल्याच दिवशी प्रोग्राम सुरू करणारी ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही ओळ फळ्यावर येते आणि ‘आत्ता पाठ करा, पुढे कळेल’ असं सांगितलं जातं. ब्लूजे या जावा लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही भानगडच नाही. क्लास (म्हणजे वस्तूचा साचा) लिहून कंपाइल करा, त्याच्या चौकटीवर राइट-क्लिक करून ‘न्यू’ म्हणा, की ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडलेली वस्तू) खालच्या पट्टीवर लाल डबी होऊन बसतो. मेथड, म्हणजे ऑब्जेक्टला करता येणारं काम, तीही तिथूनच चालवायची.

मी सरावाला आमच्या भिशीचा हिशेब घेतला. ‘सदस्य’ हा क्लास, त्यात ‘नाव’ आणि ‘जमा’. दोन ऑब्जेक्ट काढले, एकात 500 रुपये भरले आणि दोघांच्या इन्स्पेक्टच्या (आत काय साठलंय ते दाखवणाऱ्या) खिडक्या शेजारी-शेजारी उघड्या ठेवल्या. एकीकडे 500, दुसरीकडे 0. क्लास एकच, पण जमा ज्याची त्याची. मग मुद्दाम ‘जमा’च्या आधी स्टॅटिक लावलं. आता कोणीही पैसे भरले तरी आकडा सगळ्यांचा मिळून एकच! स्टॅटिकवरची व्याख्यानं ऐकून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते इथे शिरलं.

एकेक ओळ लिहून लगेच उत्तर बघायचं कोडपॅडही कामाचं. 7/2 टाकलं तर उत्तर 3, शेजारी ‘इंट’ (पूर्णांक), 7/2.0 टाकलं तर 3.5 आणि ‘डबल’ (दशांश).

मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात हे बनवलं ते शिकवण्यासाठीच, आणि 1999पासून ते वापरात आहे. फुकट आहे. आपल्याकडे आयसीएसई बोर्डाच्या मुलांना ते ठाऊक असतंच.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. प्रायव्हेट फील्ड (बाहेरच्यांपासून लपवलेली माहिती, जसं ‘जमा’) इन्स्पेक्टमध्ये उघडं दिसतं, त्यामुळे नवखा माणूस म्हणतो, मग लपलं कुठे? बंधन दुसऱ्या क्लासच्या कोडवर आहे, बघणाऱ्यावर नाही, हे कोणीतरी सांगावं लागतं. इनहेरिटन्सचा (एका क्लासवरून दुसरा क्लास बनवण्याचा) बाण आकृतीत छान दिसतो, पण क्लास वाढले की बाणांचं जाळं होतं. मोठ्या प्रोजेक्टला इंटेलिजे किंवा एक्लिप्स ही व्यावसायिक सॉफ्टवेअरच बरी.

सर्वांत वैताग म्हणजे कोडमध्ये एक ओळ बदलून कंपाइल केलं की खालची पट्टी रिकामी. सगळे सदस्य पुन्हा घडवा. त्यावर उपाय आहे, पण तो मेनूत दडलाय : एक टेस्ट क्लास (चाचणीसाठीचा क्लास) करून ठेवा, त्यावर राइट-क्लिक करा आणि ‘ऑब्जेक्ट बेंच टू टेस्ट फिक्स्चर’ निवडा, म्हणजे पट्टीवरचे ऑब्जेक्ट त्यात साठतात. पुढच्या वेळी त्याच मेनूतून अख्खी भिशी परत पट्टीवर आणता येते.