वाक्यांची चाल शिकवणारे दोन रविवार

दादर पश्चिमेला भरलेल्या, आत्मपर लेखनाच्या एका कार्यशाळेला मी नुकताच जाऊन आलो. स्वतःचा अनुभव सांगताना वाक्यांची लांबी व रचना बदलून निवेदनाची गती कशी सांभाळावी, एवढाच विषय ठेवल्याबद्दल आयोजकांचे कौतुक करायला हवे.

पहिला रविवार केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्यांच्या शालेय उजळणीत गेला. ती निम्म्या वेळात आटोपली असती. दुसऱ्या रविवारी २६ जुलै २००५ च्या पावसावर परिच्छेद लिहून आणायचा होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेलेल्या त्या दिवसाची आपापली पायपीट मुंबईत पुष्कळांकडे आहे. मी लिहिले होते: ‘मी कलिन्याहून निघालो. पाणी गुडघ्याला लागले. मी चालत राहिलो. पाणी कमरेला आले. मी रेलिंग धरले. रेलिंग संपले.’ मोठ्याने वाचल्यावर हा प्रसंग नसून हजेरीपट आहे, हे माझे मलाच कळले. मार्गदर्शकांनी शेवटचे वाक्य तसेच ठेवून बाकीची जोडायला लावली: ‘कलिन्याहून निघून, गुडघाभर पाण्यात पाय चाचपत, कमरेला पाणी लागल्यावर दुभाजकाचे रेलिंग धरून मी कुर्ल्याच्या दिशेने सरकत होतो. रेलिंग संपले.’ मराठीत मुख्य क्रियापद शेवटी येत असल्याने वाचक तोपर्यंत ओढला जातो, आणि मग ते दोन शब्द त्याला जागीच थांबवतात.

माझी तक्रार इथेच आहे. वाटलेल्या टिपणात ‘लहान वाक्य म्हणजे वेग, लांब वाक्य म्हणजे संथपणा’ असे ठामपणे छापले होते, जे त्यांच्याच या उदाहरणाने खोटे ठरते. ‘-ऊन’ने गुंफलेले लांब वाक्य धावते, ‘जो-तो’, ‘जरी-तरी’ यांनी बांधलेले तेवढेच लांब वाक्य मात्र रेंगाळते. मी हे विचारले तेव्हा सभागृहाची वेळ संपत आली होती.

‘आई दर पावसाळ्याआधी पत्रे तपासून घेत असे’ अशा रीतिभूतकाळाच्या एका वाक्यात कित्येक वर्षे मागे टाकता येतात, हे मार्गदर्शकांनी जाता जाता सांगितले. खरे तर त्यासाठी एक तास द्यायला हवा होता.

वीस-बावीस जणांत प्रत्येकाचे लेखन वाचले गेले, ही मोठी जमेची बाजू. जाणाऱ्यांनी स्वतःचा कच्चा मजकूर सोबत न्यावा, कारण तिथे बसून नव्याने लिहायला वेळ मिळत नाही.